पाकीट डॉक्टरांचं, पाय काकूचा

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या काकूवर. केव्हा, तेही सांगते. तंजावरला आमच्या वीथीत केबलची वायर पहिल्यांदा या माडावरून त्या माडावर उड्या मारत घराघरात शिरली त्या वर्षी, आडी महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी, कॉफीच्या आधी. आडी म्हणजे तुमचा आषाढ, थोडा पुढेमागे. आणि कॉफीच्या आधी हे इतकं नेमकं आठवतं, कारण आमच्या घरात कॉफीच्या आधी काहीच घडत नाही. भांडणसुद्धा नाही. त्या दिवशी मात्र काकू आणि माझी आई, दोघी जावा, घशाखाली घोट न उतरवता घराबाहेर पडल्या. रक्त द्यायला.

आमच्या ग्राहक मंडळात पत्रकं लिहायची मला एकच रीत शिकवली आहे: पहिल्या ओळीत कुणाचं नुकसान झालं आणि केव्हा ते सांग, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं ते सांग, मध्ये रडू नकोस. रेशनच्या दुकानातलं वजन, बसच्या कंडक्टरनं गिळलेले सुटे पैसे, रॉकेलमध्ये पाणी, सगळं मी याच रीतीनं लिहिलं, तमिळमधून, आणि पापनाशमपासून तिरुवैयारुपर्यंतच्या गावबसमध्ये लोकांच्या मांडीवर टाकलं. बहुतेकांनी त्यात वडे गुंडाळले. हे पहिल्यांदाच मराठीतून लिहिते आहे. देवनागरी वाचणारी घरात मी एकटी, तीही हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. तेव्हा घरचं कुणी हे वाचून रागावण्याची भीती नाही. मोकळेपणानं लिहिते.

सुरुवात काकूच्या तहानेपासून झाली. ती पाणी प्यायची म्हणजे कालव्याला पाणी सोडल्यासारखी प्यायची. तांब्या तोंडाला लावला की रिकामा होईपर्यंत खाली नाही. आईची तक्रार वेगळी, गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. काका दर महिन्याला आपलं ब्लडप्रेशर मोजायला डॉक्टरांकडे जायचे. तिथं निघता निघता त्यांनी दारातून सांगितलं, "सार, घरात बायकांना पण थकवा आहे, तहान आहे." कुणाला काय ते त्यांनी सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही. दोघींचं तोंडही न बघता त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहून काकांच्या खिशात घातल्या: उपाशीपोटी रक्त, नव्या लॅबमध्ये.

देशाची दारं उघडली, बाहेरचा पैसा आत आला, असं पेपरात रोज यायचं. आमच्या वीथीपर्यंत त्यातल्या तीन गोष्टी पोचल्या: केबल, काचेचा एसटीडी बूथ आणि ही एसी लॅब. बाहेर पाटी, 'संपूर्ण कॉम्प्युटराइज्ड'. चपला बाहेर काढायच्या, देवळासारख्या. आत गाभाऱ्यासारखा गारवा, आणि गाभाऱ्यासारखंच, पलीकडे काय चाललंय ते विचारायचं नाही. मी दोघींबरोबर होते, कॉलेजला दांडी मारून. मला तो एसी बघायचा होता.

आता आमच्या घराण्याच्या एका थोर परंपरेबद्दल सांगायलाच हवं. लग्नात सुनेचं नाव बदलायचं, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव काढायचं, हे तुमच्याकडेही होतं. आमचे पूर्वज मराठा राजाबरोबर इकडे आले तेव्हा त्यांनी देव आणले, पुरणयंत्र आणलं आणि ही खोडही आणली. पुढे आमच्या घराण्यानं तिच्यात आळसाची भर घातली. दर वेळी नवं नाव शोधायचा त्रास नको म्हणून प्रत्येक सुनेला एकच नाव, कुलदेवीचं. पणजीचं तेच, आजीचं तेच, काकूचं तेच, आईचं तेच. घरात ते कुणी वापरत नाही म्हणून अडत नव्हतं. काकू मोठ्यांची 'अक्का', आई सगळ्यांची 'धाकटी'. त्यात तमिळनाडूत आडनावाचा प्रश्नच नाही. बायकांच्या नावाआधी नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर लावायचं. आणि आजोबांनी दोन्ही मुलांना एकाच देवाची दोन नावं ठेवलेली, दोन्ही एकाच अक्षरापासून. म्हणजे अक्षर एक, नाव एक, पत्ता एक, डॉक्टर एक. बायका तेवढ्या दोन.

काउंटरवरच्या मुलीनं काकूचं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि आईकडे वळली. आईनं नाव सांगितलं.

"ते लिहिलं मी, अम्मा. तुमचं सांगा."

"ते हिचं. हे माझं."

मुलीनं एकदा काकूकडे बघितलं, एकदा आईकडे. काकू म्हणजे माडाची झावळी, वाऱ्यानं वाकेल अशी. आई म्हणजे भाताची कणगी. मुलगी हसली. "दोघींचा नवरा पण एकच की काय?"

"देवा," काकू म्हणाली, "एकाचंच निस्तरताना जीव जातो."

आईनं वय सांगितलं, एकोणचाळीस. काकूनं सांगितलेलं चव्वेचाळीस. हे लक्षात ठेवा. सगळ्या जगात या दोघींना वेगळं करणारी एवढीच गोष्ट त्या कॉम्प्युटरमध्ये गेली.

रक्त देऊन काकूनं कोपर दुमडत विचारलं, "कागद कधी मिळेल?"

"संध्याकाळी. पण तुम्हांला नाही मिळणार, डॉक्टरांसाठी पाकीट करून देणार. घरून कुणी न्यायला या, फोडायचं नाही."

"माझं रक्त ना गो?"

"रक्त तुमचं, अम्मा. रिपोर्ट डॉक्टरांचा."

मुलीचा काही दोष नव्हता. तिला जे शिकवलं तेच ती बोलत होती, आणि बोलताना कापूसही बदलत होती. पण हे वाक्य मी त्या दिवशी घरी आणलं आणि अजून ते घशात अडकलं आहे. आमच्याकडे गवळी दूध घालतो तेव्हा ते गाईचं आहे की म्हशीचं ते सांगतो. काकूच्या अंगातून निघालेल्या रक्ताबद्दल तिला तेवढंही सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

संध्याकाळी काकांनी दोन्ही पाकिटं आणली. झाकणावर डिंक, डिंकावर शिक्का. डॉक्टर बाहेरगावी गेले होते, दुसऱ्या दिवशी बसणार होते. म्हणून ती पाकिटं एक रात्र आमच्या टीव्हीवर, क्रोशाच्या रुमालावर, पितळी नंदीखाली मुकाट पडून राहिली. सगळं घर त्याच टीव्हीवर नवी सिरियल बघत बसलेलं. सिरियलमधल्या परक्या बाईच्या पोटात कुणाचं मूल आहे हे कळायला आमचं घर उतावीळ होतं. आपल्या बायकांच्या रक्तात काय आहे ते हाताच्या अंतरावर होतं, त्याला कुणी हात लावला नाही.

"फोडूया?" मी म्हटलं.

"शी! ते डॉक्टरांचं आहे." अप्पा, माझे वडील, दचकून म्हणाले, जणू मी शेजाऱ्यांचं पत्र फोडायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जे झालं ते काकांच्याच तोंडून. त्यांनी ते इतक्या जणांना इतक्या वेळा अभिमानानं सांगितलं की मी तिथं असल्यासारखी सांगू शकते. डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं फोडली, दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकीला साखर, चांगलीच. दुसरी ठीक. वर नाव बघितलं. दुसऱ्यावरचं नाव बघितलं. पुन्हा पहिल्यावरचं. मग चष्मा काढला. चष्मा काढल्यावर काय दिसणार ते सांगायला नको.

"तुमच्या भावाची बायको जरा, म्हणजे... अंगानं भरलेली, नाही का?"

"होय सार."

"मिठाई आवडते?"

"फार."

"मग तीच."

कागदाच्या कोपऱ्यात, सुया मारणाऱ्या प्रिंटरनं, शाई संपत आलेल्या पट्टीनं छापलेलं वय होतं. ते तसंच राहिलं. काकांनीही वाचलं नाही, कारण कागद त्यांच्या हातात आलाच नाही. तो टेबलावरून थेट डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये गेला. "बघितल्याबरोबर ओळखलं हो," काका घरी येऊन सांगत होते, "काय तो अनुभव!"

त्या दिवसापासून आईचं आयुष्य कडू झालं. ही उपमा नाही. सकाळी कारल्याचा रस, मग भिजवलेली मेथी, मग बिनसाखरेची कॉफी, जी पिताना ती डोळे मिटून कुणाला तरी शिव्या देत असावी. आणि रोज सकाळी एक गोळी. गोळी घेतली की दुपारच्या जेवणाआधी तिचे हात कापायचे, घाम सुटायचा, भिंतीला धरून बसायची. काकांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, साखरेत होतं असं. मग आई काय करायची, तर चोरून डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकायची आणि पाच मिनिटांत ठणठणीत व्हायची. आणि मग पाप केल्यासारखी देवापुढे उभी राहायची. देवानं तिला काही सांगितलं नाही. त्यालाही रिपोर्ट दाखवला नसणार.

पण खरी गंमत, आणि मी हा शब्द दात खाऊन वापरते आहे, ती पुढे. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. आईच्या वाटचं गोड जाणार कुठे? सणाला चक्करपोंगल, म्हणजे गुळाचा भात, झालं, आईनं आपली वाटी काकूच्या पानात रिती केली. पायसम झालं, तेच. पुरणाची पोळी झाली, आईनं पोळीकडे एकदा बघितलं आणि तुपासकट काकूच्या ताटात ठेवली.

"खा गो अक्का. माझ्या वाटचं तू खाल्लंस की मला पोचतं."

काकू खायची. जावेवरच्या मायेनं खायची, आणि तिला भूकही फार लागायची. एवढं खाऊन वाळत चालली होती. त्यावर माझ्या आत्याचं निदान असं की हिला दृष्ट लागते. तहान वाढली तेव्हा शेजारच्या मामींनी सांगितलं, उष्णता आहे, पानकम द्या. पानकम म्हणजे गुळाचं पाणी, सुंठ आणि वेलदोडा घालून, देवाच्या नैवेद्याचं. घरी रोज तांब्याभर पानकम व्हायला लागलं. तहानलेल्या काकूला आम्ही सगळ्यांनी मिळून, प्रेमानं, थंड करून, गूळ पाजला.

काकूला कुणीही काही वेगळं सांगू शकत नव्हतं, कारण थोरलीचं रक्त स्वच्छ आहे हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं.

पुढच्या चैत्रात काकू भर दुपारी मोठ्या देवळात प्रदक्षिणा घालून आली. तिथल्या दगडावर तेव्हा पापड भाजता येतो. यात्रेकरू पाय उचलून नाचत पळतात. काकू म्हणाली, मला काही चटका बसला नाही बाई, देवीची कृपा. घरी येऊन बघते तर डाव्या करंगळीखाली टपोरा फोड. पायाला चटका न कळणं ही कृपा नसते, हे आता मला माहीत आहे. तेव्हा घरातल्या बायकांनी हात जोडले.

फोड फुटला, त्याची जखम झाली, जखम भरेना. हळद झाली, एरंडेल झालं, कडुलिंबाचा लेप झाला. काका पुन्हा डॉक्टरांकडे गेले, काकूचा पाय घरीच ठेवून. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. "थोरल्यांना साखर नाही, तेव्हा भरेल. घाबरू नका." काकू घाबरली नाही. करंगळी आधी लाल होती, मग जांभळी, मग मला आवडेना असा रंग. घरातून एक वास यायला लागला. तो उदबत्तीखाली झाकण्यात आत्या पटाईत होती.

"काकू, दुखतं?" मी विचारलं.

"नाही गो. तेच तर बरं आहे."

याच सुमाराला डॉक्टरांनी आईचं रक्त पुन्हा तपासायला सांगितलं, गोळी किती लागू पडली ते बघायला. आई एकटी कशी जाणार? काकू लंगडत जोडीला निघाली. तिथं जाऊन आई म्हणाली, आलीच आहेस तर तूही दे, मला सोबत. पुन्हा तीच मुलगी, तेच नाव दोनदा, तोच विनोद. वयं एकेक वर्षानं वाढली तेवढी.

संध्याकाळी पाकिटं आणायला काका निघाले, तेव्हा मी म्हटलं, मी जाते. त्यांना क्रिकेटची मॅच होती. भारतीय क्रिकेटचे माझ्यावर एवढेच उपकार.

मुलीनं दोन पाकिटं काउंटरवर ठेवली. मी पहिलं उचललं आणि फोडलं.

"अय्यो! काय करतेस?"

"वाचते."

"ते डॉक्टरांचं आहे!"

"डॉक्टरांनी रक्त दिलं?"

बाकावर पाचसहा माणसं बसली होती, कोपरात कापूस धरून. सगळ्यांच्या माना वळल्या. मुलीनं आत हाक मारली आणि टाय लावलेला मॅनेजर बाहेर आला. तंजावरच्या उन्हाळ्यात टाय. तो मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "सिस्टर, पेशंटनं वाचलं तर उगाच टेन्शन येतं. आकडे असतात. गोंधळ होतो."

"गोंधळ होऊ नये म्हणून कुणी वाचायचं?"

"डॉक्टर."

"बरं," म्हणून मी दुसरंही फोडलं.

दोन्ही कागद काउंटरवर शेजारी ठेवले. नाव तेच, नाव तेच. एकावर वय चाळीस, साखर ठीक, उलट जरा कमीच. दुसऱ्यावर वय पंचेचाळीस, आणि साखरेच्या आकड्यापुढे लॅबच्या कॉम्प्युटरनं स्वतःच्या बुद्धीनं एक चांदणी छापलेली. खाली लिहिलेलं, चांदणी म्हणजे प्रमाणाबाहेर. त्या चांदणीसाठी डॉक्टर व्हावं लागत नाही.

मला आधी वाटलं यांनीच अदलाबदल केली. मग डोक्यात दुसरंच आलं आणि मी दोन्ही वयं पुन्हा वाचली. कोपरात कापूस धरलेली काकूची मूर्ती आठवली, पानकमचा तांब्या आठवला, तो वास आठवला. बाकावरचे एक पेरियवर, म्हातारे गृहस्थ, खोकून म्हणाले, "पोरी, फोडतेच आहेस तर माझंही बघ." मी बघायला थांबले नाही, याची मला आजही चुटपूट आहे. पण मला रिक्षा पकडायची होती.

मी घरी जाऊन दोघी जावांना रिक्षात घातलं, मॅचमधून काकांना उठवलं आणि दवाखान्यात नेलं. त्या डॉक्टरांना आमच्या घरानं पंधरा वर्षं फी दिली होती. काकूला त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मी कागद टेबलावर ठेवले. ते आधी कागदांकडे नाही, फाटलेल्या पाकिटांकडे बघत राहिले.

"कुणी फोडलं?"

"मी."

"हे बरोबर नाही."

"जुने काढा," मी म्हटलं.

त्यांनी ड्रॉवर उघडला. जुने दोन्ही कागद तिथंच होते, नीट ठेवलेले, कुणाच्याही उपयोगाचे नसलेले. त्यांनी चारही कागद मांडले. या वेळी चष्मा लावून. मग म्हणाले, "वय फार बारीक छापतात हो हे लोक."

आणि मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी हे लिहिते आहे. चूक सगळ्यांची होते, चुकीवर मी एक पत्रक लिहून गप्प बसले असते. पण चूक कळल्यावर त्यांनी काकांना एकट्याला आत बोलावलं, आम्हा तिघींना बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. दार पातळ प्लायचं होतं. सगळं ऐकू येत होतं.

"थोरल्यांना साखर आहे, जुनी आहे. पायात पसरलंय. बोटं जातील, वेळ गेला तर पाऊलही. मोठ्या हॉस्पिटलला आजच न्या. त्यांना काही सांगू नका, बायका घाबरतात. नुसतं ड्रेसिंग आहे म्हणा."

"होय सार," काका म्हणाले.

बाकावर काकू माझ्या आणि आईच्या मध्ये बसली होती, पाय पुढे ताणून. ती उठली. त्या पायानं चालत गेली आणि दार ढकललं. मी तिला कधी काकांसमोर आवाज चढवताना ऐकलेलं नव्हतं. त्या दिवशीही तिनं चढवला नाही.

"पाय कुणाचा आहे?"

ती आधी काकांकडे वळली, मग डॉक्टरांकडे.

"ह्यांचा आहे? तुमचा आहे? मग मला सांगा. घाबरायचं की नाही ते माझं मी बघते."

डॉक्टरांनी काकांकडे बघितलं. काकांनी जमिनीकडे. मग डॉक्टरांनी काकूला, पंधरा वर्षांत पहिल्यांदा, 'बसा अम्मा' म्हटलं आणि सगळं सांगितलं. काकूनं तीनच प्रश्न विचारले: पाऊल वाचेल का, गोड किती दिवस बंद, आणि धाकटीला ती गोळी कशाला. तिसऱ्याचं उत्तर द्यायला त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागला.

पाऊल वाचलं. दोन बोटं गेली. हॉस्पिटलमध्ये आई पहिले दोन दिवस रागानं धुमसत होती, नऊ महिन्यांच्या कारल्याचा हिशोब कुणाकडे मागू म्हणून. ऑपरेशन झाल्यावर तिचा राग उतरला. काकूच्या पायाशी बसून ती एकदाच म्हणाली, "मी वाढलं गो अक्का. पोळीवर तूप घालून घालून मी वाढलं."

"तू वाढलंस, मी खाल्लं," काकू म्हणाली. "तुला कुणी सांगितलं होतं? मला कुणी सांगितलं होतं? मग रडू नको. कॉफी आण. तुझ्या कपात साखर घाल दोन चमचे, मी बघते."

त्या दिवाळीला डॉक्टरांकडून आमच्या घरी मिठाईचा डबा आला. मी शपथ घेऊन सांगते. तुपातले लाडू, वर बदाम. काकूनं डबा उघडला, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळा डबा आईसमोर ठेवला. "घे. पोचू दे मला."

लॅबनं काय केलं? पाकिटांवरचा डिंक वाढवला. आता दोन शिक्के मारतात. आमच्या मंडळानं त्यांच्या दारासमोर पत्रकं वाटली तेव्हा टायवाल्या मॅनेजरनं वॉचमन पाठवला, आणि वॉचमननं एक पत्रक मागून घेतलं, त्याच्या बायकोचं रक्त आतच होतं.

पण काकूची तऱ्हा वेगळी. टाके निघाल्यावर ती पुन्हा रक्त द्यायला गेली, आईशिवाय. माझ्याबरोबर. मुलीनं विचारलं, "नाव, अम्मा? तेच ना?"

"नाही," काकू म्हणाली आणि एक नाव सांगितलं. मी ते नाव जन्मात ऐकलं नव्हतं. तांदळात पुसलं गेलेलं, तिच्या आईबापानं ठेवलेलं नाव होतं ते.

"आणि नावाआधीचं अक्षर? नवऱ्याचं?"

"बापाचं घाल. या रक्तात तोच आहे." मग म्हणाली, "आणि पाकीट मी बसून नेणार. संध्याकाळपर्यंत बसेन. एसी आहेच."

मुलीनं आत बघितलं, मॅनेजर जेवायला गेला होता. संध्याकाळी तिनं कागद घडी न करता, पाकिटाशिवाय, काकूच्या हातात ठेवला. काकूला इंग्रजी येत नाही. पण आकडे येतात, आणि चांदणी तर कुणालाही ओळखता येते. रिक्षात ती कागद उन्हाकडे धरून वाचत बसली. चांदणी होती अजून, पण आकडा बराच खाली आला होता. तिनं तो मला दोनदा वाचून दाखवला.

घरी काकांनी टीव्हीवरचा कागद उचलला आणि वरचं नाव वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "हा कुणा परक्याचा रिपोर्ट आलाय आपल्याकडे?"

"माझा," काकू स्वयंपाकघरातून म्हणाली. "ठेवा जागेवर."

त्यांनी ठेवला.

आता तुम्ही. तुमच्या टीव्हीवर, कपाटात, नवऱ्याच्या बॅगेत, मुलाच्या खिशात, डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये तुमच्या रक्ताचा एक कागद आहे. घरात असेल तर उठा आणि फोडा. डॉक्टरांकडे असेल तर उद्या जाऊन मागा, आणि मिळेपर्यंत तिथल्या बाकावरून हलू नका. आधी नाव वाचा, मग वय वाचा, मग चांदणी शोधा. वय तुमचं नसेल तर तो कागद घेऊन लगेच परत जा, कारण तुमच्या वाटचं गोड या क्षणी कुणीतरी दुसरंच खात आहे.